जलतरणपटूचा खांदा

जलतरणपटूचा खांदा : हात डोक्यावरून फिरवून पोहणाऱ्यांना जडणारे खांद्याचे दुखणे. एखाद्या आघाताने नव्हे, तर तीच हालचाल हजारो वेळा झाल्याने ते उद्भवते. केनेडी व हॉकिन्स या कॅनडातील अस्थिरोगतज्ज्ञांनी १९७४ मध्ये हे नाव रूढ केले.

खांद्याची खोबण उथळ असते. त्यामुळे हात चौफेर फिरतो. पण सांधा जागेवर राखण्याचा भार हाडांपेक्षा ‘रोटेटर कफ’ या चार स्नायूंच्या कंडरांवर पडतो. २५ मीटरच्या तलावात एका फेरीला दोन्ही हातांचे मिळून १८ हात धरले, तर पाच किलोमीटरच्या सरावात एकेक खांदा १,८०० वेळा फिरतो. स्नायू थकले की फरा, म्हणजे खांद्याचे मागचे चपटे हाड, वेळेवर वळत नाही आणि वरची कंडरा हाडांमध्ये चेपते. पंजा पाण्यात अंगठ्याच्या बाजूने खुपसणे, हात डोक्यासमोरून पलीकडे जाणे, एकाच बाजूने श्वास घेणे या सवयी त्यात भर घालतात. ऑस्ट्रेलियातील ८० अव्वल जलतरणपटूंच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९१ टक्क्यांनी खांदेदुखीची तक्रार सांगितली होती.

बरे होण्यात दोन टोके घातक. एक, दात-ओठ खाऊन पोहत राहणे. दुसरे, महिनाभर हात गळ्यात बांधून बसणे. पहिल्याने कंडरा झिजते, दुसऱ्याने खांदा आखडतो. सराव आधी निम्म्यावर आणतात, हाताला लावायची पॅडल बंद करतात आणि पायांचा सराव हात अंगाशी ठेवून करवतात. फळी धरून हात पुढे ताणले तर दुखणे वाढते. खरे काम जमिनीवर आहे. काखेत टॉवेलची घडी, कोपर काटकोनात, खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधलेली, तिचे दुसरे टोक हातात. घडी पडू न देता पंजा सावकाश बाहेर न्यायचा आणि तितक्याच सावकाश परत आणायचा. महागड्या रबरी पट्टीचे काम ट्यूबने भागते. फऱ्याच्या स्नायूंसाठी भिंतीला हात टेकून जोर काढतात. हलके दुखणे काही आठवड्यांत, जुने तीन ते सहा महिन्यांत आटोक्यात येते; शस्त्रक्रिया क्वचितच लागते. पण हात मारण्याची पद्धत सुधारली नाही, तर ते परतते.

ज्यांच्या पायांत जोर नाही, त्यांना सारा वेग खांद्यातूनच काढावा लागतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. त्यांनी १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले.

परभणी जिल्ह्यातील चारठाण्यासारख्या गावी प्रश्न वेगळा असतो. या भागात पोहणे शिकायचे ते विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून. चार हात मारले की समोरचा काठ येतो. त्यामुळे वर सांगितलेले दुखणे विहिरीत पोहणाऱ्याला सहसा जडत नाही. त्याचा खांदा जातो उडीत. उंच काठावरून सूर मारताना हात वेडावाकडा आपटला, तर सांधा निखळतो. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेले असते, म्हणजे उडी तेवढीच उंच.

निखळलेला खांदा काठावरच्या मित्रांनी ओढून बसवू नये, चोळूही नये. हात आहे त्या स्थितीत फडक्याने गळ्यात बांधून जखमीला दवाखान्यात न्यावे. हाड मोडलेले नाही हे क्ष-किरण चित्रात पाहूनच डॉक्टर सांधा बसवतात. त्यानंतर साधारण तीन आठवडे हात झोळीत, मग व्यायाम. पूर्ववत पोहायला बहुधा तीन-चार महिने लागतात. विशीच्या आत निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते आणि तसे वारंवार होऊ लागले, तर सैल झालेले बंध शिवून घ्यावे लागतात. अशा मुलाने डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही विहिरीत एकट्याने उतरू नये. पाण्यात खांदा सुटला, तर पायऱ्या नसलेली विहीर एका हाताने चढता येत नाही.