निवडून दिलेल्या माणसाने किती काळ बसावे?

कालव्याच्या पाण्याला पाळी असते. आज ह्याच्या शेताला, तर उद्या त्याच्या. बागाईतदार कितीही मोठा असला तरी पाणी कायमचे त्याच्याकडेच वळवून ठेवता येत नाही. मग कायदे करण्याच्या अधिकारालाही अशी पाळी का असू नये? अमेरिकेत हा वाद दोनशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. त्याची हकीकत आज ऐकू या.

इंग्रजांच्या राजाचे जोखड झुगारल्यावर तिथल्या तेरा राज्यांनी आपसांत एक करार केला. तो १७८१ साली अमलात आला. त्यात असे कलम होते की, सहा वर्षांच्या काळात कोणीही तीन वर्षांहून अधिक मध्यवर्ती काँग्रेसमध्ये बसू नये. राजा गेला खरा, पण त्याच्या जागी कायमचे कारभारी येऊन बसतील, ही धास्ती लोकांना होती. या कलमापायी जेम्स मॅडिसन यांच्यासारख्या अभ्यासू तरुणालाही १७८३ च्या अखेरीस घरी परतावे लागले.

पुढे १७८७ साली फिलाडेल्फिया येथे नवी राज्यघटना तयार झाली, आणि तीत हे कलम नव्हते. मग वाद पेटला. १७८८ साली न्यूयॉर्क राज्याच्या परिषदेत मेलॅन्क्टन स्मिथ आणि गिल्बर्ट लिव्हिंग्स्टन म्हणाले, सेनेटच्या सभासदांना मुदतीनंतर घरी पाठवलेच पाहिजे. आपल्या माणसांत राहिल्याशिवाय त्यांची सुखदुःखे कळत नाहीत. विरुद्ध बाजूने उत्तर आले की, कोणाला निवडायचे हे लोकच ठरवतील. चांगल्या माणसाला पुन्हा निवडू नका असे सांगणे म्हणजे लोकांचाच हक्क कमी करणे. मॅडिसन यांनीही लिहिले होते की, सभेत नवखे जितके अधिक, तितके ते दुसऱ्यांच्या जाळ्यात सापडण्याचा संभव अधिक. त्या वेळी हाच पक्ष जिंकला.

राष्ट्राध्यक्षाला दोनदाच निवडून येता येईल, अशी घटनादुरुस्ती १९५१ साली झाली. काँग्रेसच्या सभासदांना मात्र मर्यादा नाही. ते वर्षानुवर्षे बसतात, म्हणून लोक चिडले. १९९२ साली आर्कान्सॉ राज्याच्या मतदारांनी आपल्यापुरती त्यांना मर्यादा घातली. पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की, राज्यांना असा नियम करता येणार नाही; त्यासाठी घटनाच बदलावी लागेल.

राज्यांच्या स्वतःच्या विधिमंडळांना मात्र ही अडचण नव्हती. कॅलिफोर्नियाने १९९० साली कनिष्ठ सभागृहाला सहा आणि वरिष्ठ सभागृहाला आठ वर्षांची मर्यादा घातली. फायदा झाला. जुनी माणसे उठली. स्त्रियांना आणि अल्पसंख्य समाजांतील लोकांना लवकर वाव मिळाला. पण अभ्यासकांना दुसरीही गोष्ट दिसली. अंदाजपत्रकावरची आणि सरकारी खात्यांवरची विधिमंडळाची देखरेख सैल पडली. पाणी घेणारे बदलत राहिले, पण कोणते दार कुठे उघडते हे जाणणारा पाटकरी सभागृहाबाहेरचा झाला. आमदाराला कामाची वाट सापडेपर्यंत त्याची मुदत सरू लागली. अखेर २०१२ साली मतदारांनीच नियम बदलला: एकूण बारा वर्षे, पण ती सगळी एकाच सभागृहात काढली तरी चालतील.

तेव्हा मुदत घालणे म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध नव्हे, आणि ती निरुपयोगीही नव्हे. मुदत घातली की खुर्ची मोकळी होते. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला कारभार कोण शिकवणार, आणि शिकवणारा कोणाच्या हिताचा असणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्यावर लक्ष ठेवण्याचे काम मतदारांचेच आहे, आणि त्या कामाला मुदत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. निम्म्या मुलांना स्मिथ यांची बाजू द्यावी, निम्म्यांना मॅडिसन यांची. आणि मग बाजू उलट करून पुन्हा बोलायला लावावे.