काडेपेटी पहिली की पंधरावी?

साल १९९४-९५, नववीचा वर्ग. गणिताच्या सरांनी फळ्यावर पंधरा वस्तू लिहिल्या. "यान चंद्रावर बिघडलंय. तीनशे किलोमीटर चालत तळ गाठायचाय. सगळ्यांत गरजेची वस्तू पहिली, बिनकामाची शेवटची. क्रम लावा." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे हॉल यांचा हा खेळ आणि उत्तरं 'नासा'ची, हे मला फार पुढं कळलं.

आमच्या गटाची यादी मी लिहीत होते. मुलांनी काडेपेटी पहिली सांगितली. एक मैत्रीण हळूच म्हणाली, "तिथं हवाच नाही, काडी पेटणार कशी?" सगळे हसले. मीही हसले आणि काडेपेटीच लिहिली.

'नासा'च्या यादीत प्राणवायू पहिला, पाणी दुसरं, काडेपेटी पंधरावी! सरांनी प्रत्येक वस्तूच्या दोन क्रमांकांतला फरक काढून त्याचा वर्ग करायला लावला. प्राणवायू-पाण्याची नुसती अदलाबदल झाली असती तर बेरीज दोनच. काडेपेटीचा फरक चौदा, वर्ग १९६. छोटी चूक स्वस्त, मोठी फार महाग.

अभियांत्रिकीला गेल्यावर कळलं, ही चार्ल्स स्पिअरमन यांची १९०४ सालची रीत. वर्गांच्या बेरजेची सहापट करायची, पंधरा वस्तू असतील तर ३३६० ने भागायची आणि एकातून वजा करायची. क्रम तंतोतंत जुळले तर १, पूर्ण उलटे लागले तर उणे १. एकट्या काडेपेटीनं आमचे ०.३५ घालवले होते.

मोठ्या आवाजापेक्षा मोजणी खरी, हे शेतातही लागू आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी तेच केलं. बांधावरून नजरअंदाज करण्याऐवजी चिठ्ठी टाकल्यासारखा शेताचा तुकडा निवडायचा, पीक कापायचं, धान्य तोलायचं, ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते.

ऑगस्ट २०१९. भिलवडीत कृष्णेचं पाणी चढत होतं. पुण्याहून मी फोनवर आईला सांगत होते, "आधी घराची कागदपत्रं घे." ती म्हणाली, "आधी तुझ्या बाबांच्या शुगरच्या गोळ्या. चार दिवस दुकानं उघडायची नाहीत." मी गप्प झाले. त्या दिवशी यादी तिनं केली.

मेळाव्यात ती मैत्रीण भेटली, की पहिलं हेच सांगणार आहे: तुझं उत्तर बरोबर होतं, मी लिहिलं नव्हतं.