धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देहावसान झाले, आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. इतकी त्वरा का, असे आजच्या वाचकास वाटेल. राजवाड्यांची मालमत्ता म्हणजे कागद : अस्सल पत्रे, पोथ्या, टिपणे आणि शब्दव्युत्पत्तीची अपुरी राहिलेली कामे. हे दप्तर एकदा फुटते तर पुन्हा जुळते ना. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने निघाले होते. तरी अखेरचे दप्तर सांभाळण्याचा मान खानदेशाकडे आला. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेमुळे जुनी बाडे जपण्याचे वळण धुळ्याला १८९३ पासूनच पडले होते.

मंडळाने हे कागद नुसते कपाटात ठेवले नाहीत. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, आणि १९३२ पासून ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले गेले. माझ्यासारख्या मराठीच्या अध्यापकाला तो धातुकोश इतिहासाच्या खंडांइतकाच मोलाचा वाटतो. पण हे थोडे विषयांतर झाले.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. बखरीपेक्षा समकालीन पत्र प्रमाण, हा राजवाड्यांचा आग्रह. तो पाळणे सोपे नाही. आधी मोडी वाचता यावी. मग कालनिर्णय करता यावा. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे असेल, तर तो शुहूर सन ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. पानिपतचा जानेवारी १७६१ याच शुहूर सनात पडतो. मिळवणीत एकाची चूक झाली की युद्धाआधीचे पत्र युद्धानंतरचे ठरते!

सुरतेचा विषय निघाला की १६६४ व १६७० च्या दोन स्वाऱ्यांपुढे आपले बोलणे सहसा जात नाही. बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून मागांवर कामाला आलेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांची गावाकडची घरे बंद पडली, आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यांतील खरेदीखते, वाटणीपत्रे, सावकारी वह्या कसरीच्या अथवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आहेत. मोडी वाचणारे वडीलधारे गेल्यामुळे घरच्यांना तो कागद निरुपयोगी वाटतो. असा कागद ज्या सभासदाच्या घरी असेल, त्याने तो न धुता, न चिकटविता, कोरड्या सुती रुमालात बांधून ठेवावा आणि कोणत्या गावच्या कोणत्या घरातून आला, तेवढे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. धुळे येथून फार लांब नाही.