शांततेच्या फौजेपायी गहाण पडलेलं वऱ्हाड

परतवाडा वाढलं ते फौजेमुळे. एकोणिसाव्या शतकात अचलपूरला खेटून इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तशाच छावण्या हिंगोलीला, जालन्याला, औरंगाबादेत, मोमिनाबादेत म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आणि हैदराबादजवळ बोलारमला होत्या. फौजेवर नाव निजामाचं, तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून; अधिकारी मात्र इंग्रज आणि हुकूम हैदराबाद दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा. अशांत मुलखात शांतता नांदावी म्हणून एका परक्या सरकारने दुसऱ्या सरकारला केलेली ही मदत होती. तिच्या खर्चापायी पुढे अख्खं वऱ्हाड गहाण पडलं.

मुलूख अशांत होता हे खरंच. १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम दख्खनमध्ये स्वतंत्र झाला. पण वऱ्हाडात त्याच्याबरोबर नागपूरकर भोसल्यांचाही अंमल चाले. या दुअमलीत एकाच गावावर दोन सरकारांची माणसं वसुलीला येत. मग १८०३ उजाडलं. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा बहुतेक वाटा सुटून निजामाकडे आला. त्याच सुमाराला भीषण दुष्काळ पडला, आणि पाठोपाठ लुटारू पेंढारी होतेच.

निजामाचा १८०० सालचा तह साधा होता. इंग्रजांच्या तैनाती फौजेसाठी त्याने बेल्लारी-कडप्याकडचा मुलूख कायमचा तोडून दिला होता. शिवाय युद्ध झालंच तर स्वतःचं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीला पाठवायचे होते. युद्ध झालं तर, एवढीच ती अट. शांततेच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची दुसरी कायम फौज पोसण्याचं कलम त्या तहात कुठेच नव्हतं.

ती फौज उभी राहिली रेसिडेंट हेन्री रसेल आणि दिवाणगिरीची सूत्रं हाती असलेला राजा चंदुलाल यांच्या संगनमताने, १८१३ च्या आसपास. तिला आधी रसेल ब्रिगेड म्हणत, पुढे कंटिंजंट. पेंढाऱ्यांविरुद्ध ती लढली, हटकर नाईकांचं बंड तिने मोडलं. पण पेंढारी संपल्यावरही फौज कायम राहिली आणि तिचा खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला. अधिकाऱ्यांची संख्या फुगली, पगार भरघोस होते. सगळ्याचे पैसे बिचारा निजाम देतो, असं इंग्रज मंडळी आपापसात हसत म्हणत.

निजामाकडे एवढा पैसा नव्हता. म्हणून विल्यम पामर आणि कंपनीची पेढी पुढे आली. शेकडा चोवीस-पंचवीसच्या व्याजाने ती कर्ज देई, ते फौजेच्या पगारात जाई आणि वसुलीसाठी जिल्ह्यांचा महसूल पेढीला लावून दिला जाई. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट झाल्यावर त्याने हे प्रकरण उघड केलं. पेढी बुडाली, पण तिची जागा इतर सावकारांनी घेतली. वऱ्हाडचा महसूल इजाऱ्याने दिला जाऊ लागला. ज्याने दरबाराला आगाऊ पैसे दिले त्याने ते कुणब्याकडून उकळायचे. इजारा किती दिवस टिकेल याची शाश्वती नसल्यामुळे इजारदाराला पुढच्या हंगामाची फिकीर नसे. गावंच्या गावं ओस पडली. शांतता राखणाऱ्या फौजेच्या खर्चाने शेतकरी देशोधडीला लागला, ही या इतिहासातली सगळ्यात जळजळीत गोष्ट आहे. तिची जबाबदारी दरबाराइतकीच रेसिडेन्सीचीही होती.

पगार थकले की कंपनी आपल्या तिजोरीतून देई आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी. १८५१ पर्यंत आकडा सत्तर लाखांच्या पुढे गेला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने धमकीवजा खलिता पाठवल्यावर काही रक्कम भरली गेली, पण पुन्हा थकबाकी साचली. युद्ध नसताना ही फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केलं होतं. तरीही १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन दरबारात गेला. निजाम नासिरुद्दौला वारंवार नकार देत राहिला. विनाकारण मुलूख देऊन टाकणं आणि शूर ठरलेली फौज मोडणं, या दोन गोष्टींनी राजाची मान खाली जाते, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. २१ मे १८५३ ला त्याने सही केली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे सुमारे पन्नास लाखांच्या उत्पन्नाचे प्रांत इंग्रजांकडे गेले. खर्च भागवून शिल्लक निजामाला द्यायची आणि दरसाल हिशोब दाखवायचा, असं ठरलं.

१८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. त्याबद्दल १८६० मध्ये पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिलंच. आणि एक अट हळूच बदलली: यापुढे निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब मागायचा नाही.

लगेच अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचं सोनं झालं. अकोला-बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावतीचे कापूसबाजार बहरले. जमिनीची मोजणी होऊन रयतवारी आली आणि कुणब्याच्या नावावर शेत लागलं. हे इंग्रजी अंमलाचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण महसूल वाढला तसा प्रशासनाचा खर्चही वाढत गेला, आणि खर्च किती करायचा हे ठरवणारे हात निजामाचे नव्हते. दिवाण सालारजंगाने फौजेच्या खर्चासाठी भांडवल ठेव म्हणून ठेवण्याची तयारी दाखवून वऱ्हाड परत मागितलं. १८७६ मध्ये तो विलायतेलाही जाऊन आला. उत्तर मिळालं ते टोलवाटोलवीचं.

अखेर ५ नोव्हेंबर १९०२ ला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर घेतलं, वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात. सुरुवातीला त्यातला मोठा भाग दुष्काळकाळच्या कर्जफेडीतच वळता झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झालं. जिच्यासाठी प्रांत ताब्यात घेतला ती फौज संपली. प्रांत परत गेला नाही.

आज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा खर्च असा यजमान देशाच्या गळ्यात पडत नाही, याला कारण आहे. १९६० च्या दशकात काँगोतल्या मोहिमेच्या खर्चावरून संयुक्त राष्ट्रांत पेच उभा राहिला. सोव्हिएत संघ आणि फ्रान्स पैसे देईनात. तो प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १९७३ पासून हा खर्च ठरलेल्या प्रमाणात सर्व सदस्य देशांवर वाटला जातो, सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांवर थोडा जास्त. मोहिमेला मुदत असते आणि ती संपली की नवा ठराव लागतो. भारताने १९८७ मध्ये श्रीलंकेत पाठवलेली फौज संयुक्त राष्ट्रांची नव्हती, तिने मोठी किंमतही मोजली. पण यजमान सरकारने जा म्हटल्यावर मार्च १९९० पर्यंत ती परतली. सालारजंगाला असं जा म्हणता आलं असतं, तर वऱ्हाडचा इतिहास वेगळा झाला असता.

आणि वऱ्हाडी माणूस? त्याला १८५३ मध्ये कुणी विचारलं नाही, १९०२ मध्येही नाही. पुढचा निजाम मीर उस्मान अली खानाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितलं तेव्हा मात्र इथल्या लोकांनी उघड विरोध केला. निजामाचा कायदेशीर दावा कितीही बळकट असो, त्यांना पुन्हा दरबारी राजवट नको होती. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये नकार दिला, पण तो लोकांच्या इच्छेखातर नव्हता. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येणार नाही, असं त्या पत्राचं म्हणणं होतं. १९३६ च्या कराराने निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’चा किताब मिळाला आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. कारभार मात्र नागपूरहूनच चालत राहिला. अचलपूर आणि हिंगोली, कंटिंजंटच्या या दोन छावण्या एकाच निवडून आलेल्या सरकारखाली आल्या त्या १ नोव्हेंबर १९५६ ला, द्वैभाषिक मुंबई राज्यात.