स्त्रियांची रजा : रिद्धपूर ते पवनार

रजेचा अर्ज कसा लिहावा हें आम्ही शाळामास्तर मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलों. अर्जाचा मायना चुकला तर एक गुण जाई. कारण लिहावयाचें राहिलें तर सगळाच अर्ज फुकट. कारणावांचून रजा नाहीं, हा शाळेचा नियम, कचेरीचाही तोच. घरच्या कारभारांत मात्र स्त्रीनें रजा मागण्याची सोय आपल्याकडे फारशी नव्हती. माहेरपण, बाळंतपण आणि तीर्थयात्रा एवढीं तीनच कारणें तेथें मंजूर होत. आणि त्यांतील बाळंतपणाला रजा म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोगच होय.

अलीकडे प्रवासी कंपन्या केवळ स्त्रियांसाठीं सहली काढूं लागल्या आहेत. पति, मुलें, सासुसासरे यांपैकीं कोणालाही बरोबर न घेतां स्त्रियांचा मेळा केरळ, अंदमान, थायलंड किंवा बाली अशा उष्ण प्रदेशांतील समुद्रकांठीं आठ दिवस राहून येतो. हें पाहून आमच्या वयाचीं कांहीं माणसें हंसतात, तर कांहीं रागावतात. दोघांचीही समजूत एकच, कीं असें पूर्वीं कधीं घडलें नाहीं. ही समजूत आज इतिहासाच्या कसोटीस लावून पाहूं. त्यासाठीं श्रोत्यांना शेवटीं वर्ध्याजवळच्या पवनार गांवीं न्यावयाचें आहे; पण वाटेंत दोनतीन मुक्काम केल्यावांचून पवनारचें महत्त्व कळणार नाहीं.

पहिला मुक्काम अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर. तेराव्या शतकांत येथें गोविंदप्रभु राहत. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी यांनीं महानुभाव पंथाची स्थापना केली. म्हाइंभटांनीं रचलेल्या ‘लीळाचरित्रां’त स्वामींच्या परिवाराचें वर्णन आहे, त्यांत बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा अशीं स्त्रियांचीं नांवें पानोपानीं भेटतात. या स्त्रिया घर सोडून निघालेल्या होत्या. भिक्षा मागावी, मिळेल तें खावें आणि एका ठिकाणीं गुंतून न राहतां पुढें चालावें, हा पंथाचा आचार त्यांनाही पुरुषांप्रमाणेंच लागू होता.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळच्या स्त्रीला दूरचा प्रवास दुर्घट होई तो केवळ चोराचिलटांच्या भयानें नव्हे. दर महिन्यास चार दिवस तिनें बाजूला बसावें, कोणास शिवूं नये, असा दंडक होता. आणि वाटेवर बाजूला बसावयाचें कोठें? चक्रधरांनीं हा विटाळ मानला नाहीं. शरीराच्या इतर मळांसारखाच हाही एक, अशी त्यांची शिकवण होती. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीची वाटेल. परंतु पायीं चालणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीनें तिनें रस्ताच मोकळा केला.

या मोकळिकीचें फळ काय मिळालें? महदाइसा ही मराठींतील आद्य कवयित्री म्हणून ओळखली जाते. तिचे ‘धवळे’ रिद्धपुरांतच, गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्तानें जन्मले. पुढें केसोबास या विद्वान् शिष्यानें पंथाचें ज्ञान संस्कृतांत लिहावयाचें मनांत आणलें, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला थांबविलें. तसें केलें तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असा त्यांचा आशय होता. आपल्या भाषेंतील आरंभीचा गद्यग्रंथसंभार मराठींत राहिला, याचें कांहीं श्रेय या वाट चालणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जातें.

दुसरा मुक्काम अठराव्या शतकांतला. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ सालीं पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या आणि १७३६ सालीं परतल्या. उदेपूर, जयपूर असा त्यांचा मार्ग होता. राजपूत दरबारांनीं त्यांचा मोठा सन्मान केला. सवाई जयसिंगानें तर विशेष आदरातिथ्य केलें. ज्या मुलखांत मराठ्यांच्या तलवारीचा धाक, त्याच मुलखांतून त्या वृद्ध बाईंचा मेणा सुखरूप गेला. परंतु बरोबर फौजफांटा होता, कारकून होते, जांवई आबाजी नाईक जोशी होते. पेशव्यांची आई झाली तरी तिला यात्रेचें कारण लागलें आणि घरचा पुरुषही लागला. शिवाय ही यात्रा वैधव्यांत आणि उतारवयांत घडली. संसाराचें सर्व देणें फिटल्यावर मगच पाय उंबरठ्याबाहेर, हाच सर्वसाधारण क्रम होता.

महदाइसेला मोकळीक होती, राधाबाईंना संरक्षण होतें. दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या वांट्यास येण्यास अजून अवकाश होता.

तो अवकाश थोडासा भरून काढला आगगाडीनें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. १८६७ सालीं लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला. पूर्वीं काशीस निघालेलें माणूस परत येईलच असा भरंवसा नसे. आतां तिकीट काढून जाऊन येतां येऊं लागलें. शेजारच्या चार बायकांनीं मिळून नाशकास किंवा काशीस जावें, हें मध्यम स्थितीच्या घरांतही घडूं लागलें. त्यानंतर कारणही पालटलें. जानेवारी १९२७ मध्यें पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. विषय स्त्रीशिक्षणाच्या सुधारणेचा. निरनिराळ्या प्रांतांतून स्त्रिया आल्या त्या पुण्य जोडण्यासाठीं नव्हे, तर विचार करण्यासाठीं. अर्जांतील कारणाच्या रकान्यांत धर्माच्या जागीं शिक्षण आलें. रकाना मात्र कायम राहिला.

आतां पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानें दोन-अडीच कोस गेलें, कीं धाम नदीच्या कांठीं हें गांव लागतें. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. इतर संशोधक वेगळीं स्थळें सुचवितात. आपल्याला प्रस्तुत आहे ती विसाव्या शतकांतील हकीकत. १९३८ सालीं विनोबा भावे यांची प्रकृति फार क्षीण झाली, तेव्हां गांधीजींनीं त्यांना विश्रांति घेण्यास सांगितलें. थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याऐवजीं विनोबा पवनारला आले आणि जमनालाल बजाज यांच्या बंगल्यांत राहिले. वैशाखांत वऱ्हाडचें ऊन कसें असतें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हवापालटाचें कौतुक वाटेल. म्हणजे पवनारचा आश्रम मुळांत एका रजेंतूनच उभा राहिला.

पुढें १९५१ पासून विनोबांची भूदानयात्रा सुरू झाली. पहाटेच्या अंधारांत निघावें, रोज नव्या गांवीं पोंचावें, सभा आणि प्रार्थना करावी, असा तिचा क्रम होता. त्या यात्रेंत स्त्रियाही चालत होत्या. यात्रा चालू असतांनाच, २५ मार्च १९५९ रोजीं, पवनारला ब्रह्मविद्यामंदिराची स्थापना झाली. ही संस्था स्त्रियांसाठीं, आणि चालविणाऱ्याही स्त्रियाच. स्त्रियांनीं ब्रह्मचर्यानें राहून सामुदायिक साधना करावी आणि शंकराचार्यांच्या तोडीच्या ज्ञानी स्त्रिया निपजाव्या, अशी विनोबांची आकांक्षा होती. वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुली घर सोडून तेथें आल्या. त्यांनीं शेती केली, झाडलोट केली, छापखाना चालविला, ‘मैत्री’ हें हिंदी मासिक काढलें. नोकर कोणी नाहीं, मालकीणही कोणी नाहीं. निर्णय बहुमतानें नव्हे, तर सर्वांच्या संमतीनें घ्यावयाचा.

याच विचाराच्या प्रेरणेंतून १९६७ सालीं स्त्रियांची लोकयात्रा निघाली. चार भगिनी इंदूरहून पायीं निघाल्या आणि प्रांतामागून प्रांत ओलांडीत बारा वर्षें चालत राहिल्या. त्यांच्या मागें फौज नव्हती, जांवई नव्हता, पति नव्हता. ज्या गांवीं जावें त्या गांवच्या लोकांवर विश्वास, हेंच त्यांचें संरक्षण. महदाइसेची मोकळीक आणि राधाबाईंचें संरक्षण यांची सांगड प्रथम अशा रीतीनें पडली. आणि तीही तलवारीच्या बळावर नव्हे. बारा वर्षें म्हणजे एका मुलाचें बालपण. तेवढ्या काळांत त्या किती चुलींजवळ बसल्या असतील, आणि चार बायका एकट्या चालत आल्या हें पाहून किती घरांतल्या सुनांच्या मनांत काय काय आलें असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं.

पवनारच्या भगिनी सहलीस निघाल्या नव्हत्या, हें उघड आहे. व्रत आणि विहार यांत अंतर आहे, तें मी पुसूं पाहत नाहीं. परंतु पवनारनें एक प्रश्न सोडविला आहे तो सहलीस जाणाऱ्या स्त्रीलाही लागू पडतो. रजा कोणाला मागावी लागते? जें काम एकटीच्याच माथीं मारलेलें असतें, त्या कामापासूनच रजा मागावी लागते. जेथें स्वयंपाक, झाडणें, दळणकांडण ही सगळ्यांचीं कामें असतात आणि पाळीपाळीनें वांटून घेतलीं जातात, तेथें एखादी दूर गेली तरी चूल विझत नाहीं. पवनारच्या स्त्रियांनीं घर सोडलें हें खरें. पण घरकाम टाकलें नाहीं, तें वांटून घेतलें. माझ्या मतें हाच त्यांचा मोठा पराक्रम.

आजची सहल कारणाचा रकाना कोरा ठेवते. पुण्य नाहीं, परिषद नाहीं, कोणाची सेवा नाहीं. मला चार दिवस समुद्र पाहावयाचा आहे, एवढेंच. आमच्यापैकीं पुष्कळांना तोच कोरा रकाना खटकतो. वास्तविक पुरुष गप्पा मारीत मित्रांबरोबर महाबळेश्वरास जातात तेव्हां त्यांना कोणीही कारण विचारीत नाहीं. सातशें वर्षांच्या वाटचालीनंतर स्त्रियांना एवढें साधावें, यांत हंसण्यासारखें किंवा रागावण्यासारखें काय आहे?

मात्र एक उणीव सांगणें अवश्य आहे. या सहलीचें तिकीट पैशानें मिळतें, आणि पाठीमागें घर सांभाळणारी पुष्कळदां दुसरी स्त्रीच असते : सासू, सून, नाहीं तर स्वयंपाकाची बाई. त्या बाईच्या रजेचा अर्ज अजून कोणीं वाचलेला नाहीं. पवनारच्या आसपास कापूस वेंचणाऱ्या मजूर बायांना रजा म्हणजे बुडालेली मजुरी. एकीच्या विश्रांतीचा भार दुसरीच्या पाठीवर पडला, तर रजा फक्त खांदा बदलते.

म्हणून घरोघरच्या कर्त्या पुरुषांना माझी एक सूचना आहे. पत्नीनें, बहिणीनें किंवा सुनेनें मैत्रिणींबरोबर जाण्याची गोष्ट काढली, तर कशासाठीं हा प्रश्न विचारूं नये. किती दिवस, एवढेंच विचारावें, आणि तेवढे दिवस पुरेल इतका स्वयंपाक आपण आधींच शिकून ठेवावा. वरणभात आणि पिठलें ज्याला येतें त्याचें घर आठ दिवस सहज चालतें. तें येत नसेल तर आजपासून आरंभ करावा. श्रोतेहो, येथें मीही आपली रजा घेतों.