खिदमत आणि मजुरी

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेतल्या मावशी पाण्याचा जार वर नेताना जिन्यातच खाली बसल्या. वरचा मजला पत्र्याचा, दुपारचा एक वाजलेला. त्यांना स्टाफरूममध्ये आणलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, लिंबूपाणी दिलं. अर्ध्या तासाने त्या उठल्या आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

त्याच संध्याकाळी मी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांना भेटलो. म्हटलं, बारा ते तीन वरची कामं बंद ठेवू, निदान दोन पंखे तरी लावू. ते शांतपणे म्हणाले, "सर, ही खैराती संस्था आहे. इथे आपण सगळे खिदमत करतो. गिरणी आहे का ही?"

हा शेवटचा प्रश्न मला चांगलाच लागला. कारण माझे आजोबा गिरणीत होते. आझमगडहून आलेले, मदनपुऱ्यात राहणारे, साचेखात्यात विणकर. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून साचेखात्याची हवा मुद्दाम दमट ठेवायचे, वाफ सोडायचे. मे महिन्यात बाहेर मुंबई उकळत असायची आणि आत त्याहून वाईट. दादा म्हणायचे, "बाहर की गर्मी में कम से कम हवा तो है।" आज 'दमट उष्णता' या नावाखाली ज्याची चर्चा होते, ती त्यांनी अंगावर काढली. फक्त तेव्हा तिला हवामानबदल म्हणत नव्हते, उकाडा म्हणत.

आणि या उकाड्यावर गिरणी कामगार गप्प बसले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४मध्ये परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना कमिशनपुढे गेला. मागण्या वाचल्या की उन्हाचं गणित दिसतं: काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही, दुपारी अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक दिवस सुट्टी. सुट्टीचा रविवार मिळायला १८९० साल उजाडलं. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यात कलम १३ हवा आणि तापमानाबद्दल आलं, कलम १५ कृत्रिम दमटपणाबद्दल. म्हणजे "गिरणी आहे का ही?" याचं खरं उत्तर असं, की गिरणी असती तर मावशींच्या बाजूने एक कलम तरी असतं.

आता खिदमतीकडे येतो. ना. म. जोशी हे नाव आपल्याला लोअर परळच्या रस्त्यामुळे माहीत आहे, जुना डिलाइल रोड. हा माणूस आधी शाळामास्तर होता (मला त्यांच्याबद्दल जी आपुलकी वाटते त्यात हेही कारण असेल). १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. समाजाची मुंबईची शाखा गिरगावात, सँडहर्स्ट रोडला. १९११ला त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. शुद्ध सेवाकार्य. पण औषध देऊन कामगाराला पुन्हा त्याच खात्यात पाठवायचं, याला मर्यादा आहे, हे जोशींना कळलं असावं. १९१९ला ते वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९२०ला आयटकच्या स्थापनेत होते, १९२६ला बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे अध्यक्ष झाले. लाल बावटावाले त्यांना मवाळ म्हणत, आणि मवाळ ते होतेच. तरी सेवेच्या दारातून निघून युनियनपर्यंत चालत गेलेला हा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

पण सेवेच्या घरात जे नोकर आहेत त्यांचं काय? हा प्रश्नही मुंबईतूनच वर गेला. जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्डमधल्या कामगारांना काढलं, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली. सरकारचं म्हणणं होतं, रुग्णालय हा उद्योग नव्हे. १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. गजेंद्रगडकरांनी ते मान्य केलं नाही. १९७०मध्ये न्यायालयानेच पाऊल मागे घेतलं. मग १९७८ला सात न्यायाधीशांच्या पीठाने बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात दार सताड उघडलं. मालकाचा हेतू धर्मादाय असेल, पण पगारी नोकर ठेवून काम चालत असेल तर नोकरांच्या दृष्टीने तो उद्योगच, असा न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाचा रोख होता. १९८८ला गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात ठरलं की शिक्षक 'कामगार' नाहीत. म्हणजे कायद्याच्या नजरेत एकाच शाळेत मावशी कामगार आणि मी नाही! मला १९७७च्या खाजगी शाळा कायद्याचा आडोसा आहे, मावशींना हा निकाल होता. आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक, परोपकारी कामाच्या संस्था 'उद्योग' या व्याख्येबाहेर काढल्या.

मावशींना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. हा शब्द मोठा लबाड आहे. मुंबई महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत गल्ल्या झाडणारेही संस्थांमार्फत आलेले 'स्वयंसेवक' होते, त्यांनाही मानधनच मिळायचं. शहराचा कचरा हा हवामानाचा प्रश्न आहे असं आपण सेमिनारमध्ये ऐकतो. तो उन्हात उचलणाऱ्यांच्या बाजूने मात्र कचरा वाहतूक श्रमिक संघासारखी युनियन वर्षानुवर्षं कोर्टात भांडली, तेव्हा २०१७ला सुमारे २,७०० कंत्राटी कामगार कायम करण्याचा आदेश निघाला. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांचे नोकर युनियनमध्ये असतात आणि तिथला युनियनांचा महासंघ कामाच्या जागी ३० अंशांची कमाल मर्यादा मागतो, मेहनतीच्या कामाला २७. आमच्या वरच्या मजल्यावर २७ अंश डिसेंबरात असतात.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो, 'मजदूर' फारसी आहे, 'मुज़्द' म्हणजे मोबदला, तो घेणारा. मराठीतला 'मजूर' तोच. शब्दातच हक्क आहे. खिदमत करणाऱ्याने मोबदला मागू नये असं कुठल्याच शब्दकोशात नाही.

या जूनमध्ये आम्ही अर्ज लिहिला. पत्र्याखाली छत, चार पंखे, बारा ते तीन जड काम बंद, पाणी वर नेण्यासाठी पंप. अर्ज मराठीत एक, उर्दूत एक. मावशींना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "सर, सही केली तर मला काढतील का?"

मी म्हणालो, "काढू शकतात."

अर्जावर नऊ सह्या आहेत. त्यात मावशींची नाही, मी आग्रह केला नाही. अर्ज दिल्याला तीन आठवडे झाले. पाऊस सुरू झाल्यामुळे आता घाई नाही, असं ऑफिसातून कळलंय.