साप उपाशी का राहतो? एका नकाराचा दीडशे वर्षांचा इतिहास

१८२६च्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या टॉवरमधील राजाच्या प्राणिसंग्रहाचा रखवालदार आल्फ्रेड कॉप्स एका बोआ सापासमोर कोंबडी धरून उभा होता. साप कात टाकण्याच्या बेतात होता. अशा दिवसांत सापाच्या डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण दुधाळ होते आणि त्याला फारच अंधुक दिसते. सापाने झेप घेतली, कोंबडी हुकली आणि कॉप्सचा अंगठा जबड्यात सापडला. पाठोपाठ हाताला आणि मानेला वेटोळे पडले. दोन सहकाऱ्यांनी सापाचे दात मोडून कॉप्सला सोडवले. #थ्रेड

कात टाकण्याच्या सुमारास बहुतेक साप अन्नाला तोंडच लावत नाहीत. परंतु सापाने कधी खायचे, हे त्या काळी माणूस ठरवत असे. आपल्याकडची नागपंचमी तरी वेगळी कुठे आहे? दूध हे नागाचे अन्न नव्हे. गारुडी त्याला आधी तहानलेला ठेवत आणि मग वाटीसमोर आणत. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते पितो. भाविकांना त्यात नैवेद्य स्वीकारल्याची खूण दिसे.

१८४९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. जगातील ही अशी पहिलीच इमारत मानली जाते. तेथे सापांना जिवंत ससे आणि पक्षी दिले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रथेवर टीका होऊ लागली. जिवंत प्राणी पिंजऱ्यात सोडणे हे क्रौर्य आहे, असे टीकाकारांचे म्हणणे. त्यावर ठरलेले उत्तर असे : साप मेलेले भक्ष्य खात नाही, जिवंत दिले नाही तर तो उपाशी मरेल.

हे उत्तर एवढे टिकले, याचे कारण त्याची चाचणी नेहमी अर्धवट होत असे. मेलेला उंदीर टाकावा, सापाने त्याकडे पाहूही नये आणि रखवालदाराने दुसऱ्या दिवशी जिवंत उंदीर सोडावा. वस्तुतः त्या नकाराची कारणे अनेक असू शकतात. पिंजरा थंड असेल, लपायला जागा नसेल, सापाची कात निघायची असेल, किंवा त्याला भूकच नसेल. सापाला शरीर उबदार ठेवण्यासाठी अन्न जाळावे लागत नाही. मोठा अजगर कित्येक महिने न खाता सहज राहतो. धीर आधी सुटत असे तो माणसाचा.

१९०३ मध्ये पीटर चाल्मर्स मिचेल लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचे सचिव झाले आणि त्यांनी जिवंत भक्ष्य देण्याची प्रथा मोडीत काढली. १९०७ मध्ये त्यांनी आर. आय. पोकॉक यांच्यासह बंदिस्त सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारावर निबंध प्रसिद्ध केला. बहुतेक साप मेलेले भक्ष्य स्वीकारतात, हा त्याचा निष्कर्ष. (हेच पोकॉक पुढे भारतीय सस्तन प्राण्यांचे अधिकारी अभ्यासक झाले, वाघ-बिबट्यांवरील त्यांचे लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले आहेत.) नव्या पद्धतीत सापाचाही लाभ होता. कोंडीत सापडलेला जिवंत उंदीर सापाला गंभीर जखमा करू शकतो.

एक कोडे मात्र शिल्लक राहिले. नुकत्याच जन्मलेल्या सापाने कधीच काही खाल्लेले नसते. मेलेले-जिवंत, ओळखीचे-अनोळखी हा भेद त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही कित्येक पिल्ले समोरचे अन्न ठामपणे नाकारतात. पहिले काही दिवस पोटातील बलकावर निघतात. पहिली कात टाकेपर्यंत अनेक पिल्ले खातच नाहीत. पण त्यानंतरही नकार चालू राहिला तर?

१९६०च्या दशकात अमेरिकी संशोधक गॉर्डन बर्गहार्ट यांनी हा प्रश्न पिल्लांनाच विचारला. त्यांनी गांडूळ, मासा, शेंबी (म्हणजे बिनशंखाची गोगलगाय) अशा भक्ष्यांचे पाण्यात अर्क काढले, त्यात कापसाचे बोळे बुडवले आणि एकही घास न खाल्लेल्या पिल्लांसमोर ते धरले. साप जिभेने हवेतील व पृष्ठभागावरील रसायने टिपतो आणि टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवतो. पिल्लाने जीभ किती वेळा बाहेर काढली, बोळ्यावर हल्ला केला की नाही, एवढेच मोजायचे होते. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आले : प्रत्येक जातीची पिल्ले प्रामुख्याने आपल्या जातीच्या नैसर्गिक भक्ष्याच्या वासावर धावत होती. तो वास त्यांना कोणी शिकवलेला नव्हता.

याहून नेमके उत्तर स्टीव्हन अर्नॉल्ड यांनी १९७७ मध्ये मांडले. कॅलिफोर्नियात गार्टर सापाची एकच जात दोन अगदी भिन्न प्रदेशांत राहते. किनाऱ्यालगतच्या दमट डोंगरांत शेंब्यांचा सुकाळ, तर आतल्या कोरड्या प्रदेशात शेंबी नाही. तेथील साप मासे व बेडूक खातात. अर्नॉल्ड यांनी दोन्हीकडच्या गाभण माद्या प्रयोगशाळेत आणल्या. पिल्ले जन्मताच आईपासून आणि भावंडांपासून वेगळी केली आणि प्रत्येकासमोर दहा दिवस रोज शेंबीचा तुकडा ठेवला.

किनाऱ्याकडच्या बहुतेक पिल्लांनी तो खाल्ला. आतल्या प्रदेशातील बहुतेक पिल्लांनी भूक असतानाही त्याला स्पर्श केला नाही. जागा एक, अन्न एक, वयही एकच. दोन्हीकडच्या सापांचा संकर केला तेव्हा नकाराचा कल संततीत उतरलेला आढळला. ज्याला हट्ट म्हटले जाई, तो वारसा निघाला!

सापपालनाच्या छंदातील एका जुन्या युक्तीचा उलगडाही यातच आहे. अमेरिकेत घरोघरी पाळल्या जाणाऱ्या कॉर्न स्नेकचे पिल्लू उंदराचे पिल्लू नाकारू लागले, तर पाळणारे तेच भक्ष्य सरड्याच्या अंगावर घासून देतात. निसर्गात ही पिल्ले सरडे-बेडकांवर वाढतात. वास ओळखीचा झाला की अनेकदा जबडा उघडतो. भारतात देशी साप घरी पाळण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव आहे. त्यामुळे हा पेच येथे घरांपेक्षा सर्पोद्याने आणि बचाव केंद्रांपुढे उभा राहतो.

राहिला प्रश्न शेंबीचा. ज्या प्रदेशात शेंबीच नाही, तेथे तिचा नकार कशासाठी जपला जावा? अर्नॉल्ड यांच्या चाचण्यांत शेंबीच्या वासावर धावणारी पिल्ले जळूच्या वासावरही धावत होती. आतल्या प्रदेशातील पाण्यात जळवा आहेत, आणि सापाने गिळलेली जळू त्याला आतून इजा करू शकते, असा त्यांचा तर्क होता.